सत्यामावशीने मोडलेली सात झुडपं

सत्यवती धुरी चौदा वर्षं बहारीनमध्ये होती आणि त्या चौदा वर्षांत तिने बहारीन पाहिलं ते खिडकीतून. पहिली पाच वर्षं जुफैरमधल्या अकराव्या मजल्यावरच्या एका स्वयंपाकघराच्या खिडकीतून, आणि पुढची नऊ वर्षं ईसा टाउनला जाणाऱ्या शाळेच्या बसच्या खिडकीतून. बसमध्ये तिचं काम काय, तर पोरं चढवायची, उतरवायची, एकही मागे राहिलं नाही ना ते बघायचं आणि अधूनमधून एकमेकांच्या झिंज्या सोडवायच्या. मल्याळी, तमिळ, गुजराती, सगळी पोरं तिला 'मावशी' म्हणत. मराठी पोरं तेवढी 'आंटी' म्हणत. त्याचा तिला मनापासून राग होता.

गाव वेंगुर्ल्याजवळचं. वडील रोपवाटिकेत कलमं बांधायचे, आंब्याची आणि काजूची. त्यांच्या हातचं कलम वाया जात नाही अशी पंचक्रोशीत ख्याती. नवरा काविळीने गेला तेव्हा लेक भक्ती दहावीला होती. शेजारच्या वाडीतल्या एका बाईने व्हिसा मिळवून दिला आणि सत्यवती आयुष्यात पहिल्यांदा विमानात बसली. पुढे भक्ती शिकली, नर्स झाली, तिचं लग्न झालं, घराला स्लॅब पडला. हे सगळं कुणामुळे, असं विचारलं की सत्यवती सांगायची, "ह्या देशान माका उभी केल्यान हो." पण त्या देशात रस्त्यांच्या आणि इमारतींच्या पलीकडे काय आहे, असं विचारलं असतं तर म्हणाली असती, "काय असतला? रेती."

आणि ती रेती शेवटच्या वर्षी तिला पायाखाली घ्यावी लागली, ती मेधामुळे.

मेधा म्हणजे पुण्याची, जुफैरला राहणारी, एका कंपनीत अकाउंटंट. तिचा मुलगा सत्यवतीच्याच बसमधून शाळेत जायचा. ही मेधा दर शुक्रवारी सकाळी तीसेक लोकांबरोबर वाळवंटात चालायला जायची. त्या टोळीत बहारीनी होते, केरळचे होते, फिलिपिनो होते, दोनचार पुणेकरही होते. आधी दोन तास चालायचं आणि मग दोन तास काम करायचं. तंबू ठोकून राहून गेलेल्या लोकांनी टाकलेलं प्लास्टिक, तारा, दोऱ्या गोळा करायच्या, कुंपणं दुरुस्त करायची, झाडांना पाणी द्यायचं. ऑक्टोबरच्या शेवटी टोळीतल्यांची मुलंही येणार होती. मेधाने सत्यवतीला गळ घातली, की पोरं सांभाळायला तुम्ही चला.

"मावशी, तुम्ही असलात की मला घोर नाही."

"पण थंय जाऊन करतत काय?"

"चालतात."

"खय जातत?"

"कुठे नाही. चालतात आणि परत येतात."

सत्यवतीने तिच्याकडे असं पाहिलं, की मेधाला हसूच फुटलं. शुक्रवार हा देवाने पाय वर करून पडायला दिलेला दिवस. त्या दिवशी पहाटे उठून, बूट घालून, कुठेच न जाण्यासाठी चालायचं! पुणेकरांचं डोकं जरा हललेलं असतं हे तिला ठाऊक होतं, पण इतकं हललेलं असेल असं वाटलं नव्हतं. तरी गेली. पोरांसाठी गेली.

आणि खोटं कशाला बोलायचं, पहिल्याच दिवशी ती अडकली. पोरं राहिली मागे, मेधा राहिली मागे, आणि पन्नाशी ओलांडलेली ही बाई, सलवारच्या खाली कुणाचे तरी मागून आणलेले बूट, डोक्याला ओढणीची टापशी बांधून सगळ्यांच्या पुढे. सखीर नावाच्या वाळवंटी भागापलीकडचा एक उंचवटा दाखवून विलासराव म्हणाले, "मावशी, हा डोंगर बरं का." विलासराव म्हणजे टोळीतले दुसरे पुणेकर, बँकेतले, चहावर जीव असलेले. सत्यवती कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "ह्येका डोंगर म्हणतत? आमच्याकडे ह्येच्यापेक्षा उंच वारूळ असता." पण चढली. वर गेल्यावर वारा लागला. खाली कुठेही भिंत नाही, काच नाही. चौदा वर्षांत पहिल्यांदाच तिने या देशाचा वारा असा अंगभर घेतला. ती बराच वेळ तिथेच उभी होती. पोरांनी खाली उतरायची घाई केली तेव्हा त्यांच्यावरच खेकसली.

पुढच्या शुक्रवारी कुणी बोलावलं नव्हतं, तरी ती साडेपाचला मेधाच्या गाडीची वाट बघत उभी.

त्यात एक गोष्ट होती. भक्तीला दिवस गेले होते आणि सत्यवतीने शाळेला सांगून टाकलं होतं की मार्चअखेर मी निघणार. नोकरी संपली की व्हिसा संपला, मग परत येणं नाही. म्हणजे हाताशी शुक्रवार होते वीसएक. "गेली चौदा वर्सा मी काय झोपललंय काय?" असं ती मेधाला विचारायची. मेधा आपली गाडी चालवायची.

टोळीच्या मुख्य होत्या अदीबाबाई. निवृत्त शिक्षिका, हमद टाउनला राहणाऱ्या, सत्तरीच्या उंबरठ्यावर. काळा पायघोळ अबाया, त्याखाली पोरांचे असतात तसे निळे बूट आणि एक जुनी पिकअप, ती स्वतःच हाणायच्या. हिंदी बोलायच्या ती बाजारात शिकलेली, तोडकीमोडकी. सत्यवतीची हिंदीही त्याच वर्गातली. त्यामुळे दोघींचं झकास जमलं. टोळीतले बाकीचे अदीबाबाईंना थोडे वचकून असत, कारण वाळूत पडलेलं कागदाचं चिटोरंही त्यांना मैलावरून दिसे आणि मग ते टाकणाऱ्याची धडगत नसे.

नोव्हेंबरचा शेवटचा शुक्रवार. त्या दिवशी टोळी त्या मोसमात प्रथमच अदीबाबाईंच्या तुकड्यावर गेली. 'तुकडा' म्हणजे वाळवंटातली कुंपण घातलेली एक जागा. कुंपण अशासाठी की गाड्या आणि उंट आत घुसू नयेत. आत काय होतं? सत्यवतीला दिसलं ते असं: काही हिरवी खुरटी रोपं, त्यांच्या बाजूने दगड लावलेले, आणि एका कडेला सात वाळकी काटेरी झुडपं. करडी, ठणठणीत सुकलेली, पान म्हणून नाही.

तिचा गुडघा त्या दिवशी दुखत होता. म्हणून सगळे पलीकडच्या कडेला कुंपण ओढायला आणि कचरा वेचायला गेले आणि तिला सामानापाशी बसवलं. जाताना विलासरावांनी डोक्याला हात लावला. चहाचे दोन मोठे थर्मास त्यांनी जुफैरला गाडीच्या टपावर ठेवले होते, दार उघडायला म्हणून, आणि तसेच निघून आले होते. थर्मास आता कुठल्या तरी चौकात लोळत असणार. तीस माणसं, गार वारा आणि चहा नाही. मेधा म्हणाली, "विलासराव, तुम्हाला बँकेत ठेवतात तरी कसं?" सगळे हसले आणि कामाला गेले.

सत्यवतीचा जीव काही राहीना. माणसं कामाला गेली आहेत, आपण बसून आहोत, आणि आल्यावर त्यांना घोटभर चहा नाही! तिच्या पिशवीत चहा पावडर, साखर, आलं होतं. ते कोकणातली बाई स्मशानातसुद्धा घेऊन जाईल. मेधाच्या गाडीत पाण्याचे कॅन होते, एक मोठा टोप होता, डिकीत मागच्या सहलीपासून पडलेले पावडरच्या दुधाचे दोन डबे होते. तीन दगड मांडले की चूल. राहता राहिलं काय? फाटी, जळण.

आणि समोर सात झुडपांचं आयतं जळण उभं.

लहानपणापासून हेच केलेलं. शाळेतून आलं की रानात जायचं, सुकं काय ते बघायचं, मोडायचं, भारा बांधायचा. तिने एक दगड घेतला आणि बुंध्यापाशी घाव घालून, पायाने दाबून, काटे टोचत होते तरी ओढणीने धरून, एकेक झुडूप मोडलं. सात. गुडघा दुखायचा थांबला की काय कोण जाणे. काड्या कडकड मोडत होत्या, त्यामुळे शंका यायचंही कारण नव्हतं. एखाद्याच्या बुंध्यापाशी चिवट लागलं तेव्हा तिने दगडाचा आणखी एक घाव घातला, बस्स.

चूल काय सुंदर पेटली! आल्याचा वास वाऱ्यावर सुटला. लांबून मंडळी येताना दिसली तशी ती उभी राहिली, हात पुसले, आणि तिला वाटलं, आता विलासराव तर पायाच पडतील.

सगळ्यांत पुढे अदीबाबाई होत्या. त्या चुलीकडे आल्या नाहीत. झुडपं होती तिथे गेल्या, सात बुडखे बघितले, मग चुलीतलं जळण बघितलं. बुटाने वाळू ढकलत त्यांनी जाळ विझवला. टोप कलंडला, चहा वाळूत गेला. अरबीत त्या काहीतरी ओरडल्या. काय ते सत्यवतीला कळलं नाही, पण आवाज कळला. मग त्या तशाच खाली बसल्या आणि त्यांनी तोंडावर हात घेतले.

मेधा हळूच म्हणाली, "मावशी, ती झुडपं जिवंत होती."

"गो, सुकलली होती ती! पान नव्हता एक."

"ती अशीच असतात. औसज म्हणतात त्याला. पाऊस पडेपर्यंत पानं टाकून देतात, पाणी वाचवायला. अदीबाबाईंनी ती घरी दह्याच्या डब्यात बी लावून वाढवलेली. बारा वर्षांची होती, सगळ्या तुकड्यातली सगळ्यांत जुनी."

सत्यवतीच्या हातातला ओगराळा खाली पडला.

अदीबाबाई उठल्या तेव्हा त्यांनी तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "खलास," त्या म्हणाल्या. "यल्ला, सब घर जाओ." आणि सगळे घरी गेले.

त्या रात्री ती जेवली नाही. शनिवारीही धड काही गेलं नाही. तिच्या मनाला जे कुरतडत होतं ते नुसतं 'झाड तोडलं' एवढंच नव्हतं. तिने आयुष्यात कमी का झाडं तोडली? पण ती कलमं बांधणाऱ्याची लेक होती. कलम उन्हाने झडून काठीसारखं झालं तरी वडील ते फेकू देत नसत. अंगठ्याच्या नखाने साल एवढीशी खरवडायची, आत हिरवं दिसलं तर जिवंत, तपकिरी दिसलं तर गेलं. हे तिला अक्षरओळख व्हायच्या आधीपासून येत होतं. वेंगुर्ल्यात असती तर नख लावल्याशिवाय तिने काडीही मोडली नसती. इथे नख लावावं असं तिच्या मनातही आलं नाही. का? तर हे वाळवंट, इथे काय जिवंत असणार! चौदा वर्षं ज्या जमिनीने पोसलं, त्या जमिनीला तिने मेलेली धरून ठेवली होती.

भक्तीचा फोन आला तेव्हा तिने सगळं सांगितलं. भक्ती म्हणाली, "आये, झाडच ना? एवढा काय?"

"ज्या देशाचा मीठ खाल्लंय, त्या देशातली सात झाडा मारून घराक येव? माका पानावर बसाक होवचा नाय गो." आणि फोनवरच रडू लागली. "जाऊच्या आधी ती फुटाक होयी. एकतरी फुटाक होयी."

रविवारी बसमध्ये तिने मेधाच्या मुलाच्या हाती निरोप दिला: शुक्रवारी मी येणार. मेधाचा फोन आला. "मावशी, अदीबाबाई अजून रागात आहेत. थोडे दिवस जाऊ द्या."

"माझ्याकडे दिवस खय असत? हाकलल्यान तर परत येयन. पण जातलंय."

शुक्रवारी ती दोन हातांत दोन पाण्याचे कॅन घेऊन कुंपणापाशी उतरली. अदीबाबाईंची पिकअप आधीच उभी होती. सत्यवती त्यांच्यासमोर गेली. वाक्यं तिने आठवडाभर पाठ केली होती, ती सगळी विसरली. "अदीबाबाई," ती म्हणाली, "मेरा बाप झाड बनाता था. मैं तोड दिया. मेरे को शरम लगता है. बहुत शरम लगता है."

अदीबाबाईंनी तिच्याकडे पाहिलं, मग कॅनकडे पाहिलं. "इतना पानी क्यों लाया?" त्या म्हणाल्या. "ये आदमी नहीं है. एक झाड, एक बोतल. ज्यादा देगा तो सड जाएगा."

म्हणजे हाकललं नव्हतं. सत्यवती तिथेच, कुंपणाला धरून, लहान पोरीसारखी हुंदके देऊन रडली. अदीबाबाई म्हणाल्या, "बस, बस. आंख का पानी में नमक है. झाड को अच्छा नहीं." विलासरावांना हसू आवरेना, आणि मग सत्यवतीलाही.

एक अट मात्र घातली. बुडख्यांना हात लावायचा नाही. सत्यवतीने नखाचं सांगितलं, खरवडून बघते म्हणाली, तर अदीबाबाई कडाडल्या. "घायल है वो. घायल को नाखून नहीं लगाने का. पानी दो, और देखो. खाली देखो."

मग सुरू झालं ते बघणं. डिसेंबर गेला, काही नाही. बुडखे आपले करड्या खुंट्यांसारखे उभे. सत्यवती दर शुक्रवारी चालून झालं की गुडघ्यावर बसून सातांना सात बाटल्या पाणी घालायची आणि प्रत्येकाला काहीबाही बोलायची. "काय रे, रुसलास?" "तू त्येच्यापेक्षा थोरलो मां? मग फूट बघया." पाणी घालता घालता तिच्या लक्षात आलं की घातलेलं पाणी उतारावरून पळून जातं. तिने हाताने वाळू ओढून प्रत्येकाभोवती आळं केलं, खालच्या बाजूला जरा उंच, वर बारके दगड, ओल धरायला. अदीबाबाई लांबून बघत होत्या. पुढच्या शुक्रवारी आल्या त्या एक फावडं घेऊन. "ये क्या बोलता है तुम लोग? आला? सबको आला बनाओ." आणि मग तुकड्यातल्या झाडून सगळ्या रोपांना आळी झाली. केरळवाले आळं, फिलिपिनो आळं, सगळे आळं म्हणायला लागले. सत्यवती दिवसभर तोऱ्यात होती.

जानेवारीत एक पाऊस झाला. आपल्याकडे त्याला कुणी पाऊस म्हणणार नाही, अंगणात वाळत घातलेल्या मिरच्याही धड भिजायच्या नाहीत. पण त्या शुक्रवारी सगळे गेले तर तिसऱ्या बुडख्याच्या बगलेतून हिरवं टिंब. तांदळाच्या दाण्याएवढं. सत्यवतीने मेधाला हाक मारली ती अशी, की मेधाला वाटलं साप निघाला.

"मेधाताय! फुटला गो! फुटला!"

तिने अदीबाबाईंना मिठी मारली. अदीबाबाईंना असल्या गोष्टींची सवय नव्हती, पण त्यांनीही पाठीवर दोन थापा दिल्या. त्यांचेही डोळे भरले होते आणि त्यांनी ते लपवले नाहीत. मग एकेक करत फुटतच गेलं. फेब्रुवारीत चार झाली, मार्चच्या मध्याला सहा. बारकी मांसल पानं, आणि एकावर तर फिकट जांभळं फूलही आलं, शर्टाच्या बटणाएवढं. एक दिवस त्या बुडख्यावर पक्षी येऊन बसला आणि तीस माणसं श्वास धरून उभी राहिली. बस चालवणाऱ्या शंकरनला हे सांगताना सत्यवती इतकी रंगली, की पोरं मोजायची राहिली आणि तिला पुन्हा मोजावी लागली.

सातवं मात्र काही करेना.

सातव्याला घाव जास्त बसले होते, ते चिवट लागलेलं तेच. सत्यवतीला नीट आठवत होतं: दगडाचा तो जास्तीचा घाव. सहा जगली म्हणून सगळ्यांनी तिचं कौतुक केलं. मेधा म्हणाली, "मावशी, सातातली सहा म्हणजे डिस्टिंक्शन." पण आई सहा पोरांकडे बघून सातव्याला विसरते का? मार्च संपत आला, तिकीट आलं, व्हिसा रद्द व्हायची तारीख आली, बॅग भरून झाली. ती शेजारणींना भांडी वाटत होती, पण डोक्यात सातवं. जाताना या देशात आपल्या नावावर एक मेलेलं झाड राहणार.

शेवटचा शुक्रवार आला. चालणं झालं. आता हवा तापू लागली होती, टोळीचा मोसमही संपत आला होता. तुकड्यावर आल्यावर अदीबाबाईंनी तिला हाताला धरून सातव्यापाशी नेलं आणि म्हणाल्या, "अब लगाओ. तुम्हारा नाखून."

सत्यवतीने त्यांच्याकडे पाहिलं.

"अब तुम जाता है. तुमको मालूम होना चाहिए. जो है, वो है."

ती गुडघ्यावर बसली. टोकाशी साल खरवडली: तपकिरी. मध्यावर: तपकिरी. अगदी जमिनीशी खरवडलं, तिथेही भुसा. मेधाने तोंड फिरवलं. सत्यवतीने मग वडिलांनी केलं असतं ते केलं. आळ्यातले दगड बाजूला काढले, बोटाने वाळू उकरली, एक पेर, दोन पेरं, आत गार ओल लागली. तिथे, मुळाच्या खांद्यापाशी, तिने नख लावलं.

हिरवं. दोऱ्याएवढं, पण हिरवं.

"जित्ता असा," ती पुटपुटली. मग ओरडलीच, "जित्ता असा गो! मेधाताय, खाली जित्ता असा!" आणि घाईघाईने तिने वाळू पुन्हा लोटली, जशी मुलाच्या अंगावर गोधडी ओढावी तशी, आणि वरून दाबली.

सगळे भोवती जमले. अदीबाबाई खाली बसल्या, त्यांनी वाळूवर हात ठेवला आणि डोळे मिटले. पान कधी येईल, असं कुणीतरी विचारलं. पुढच्या पावसानंतर, अदीबाबाई म्हणाल्या, नाहीतर त्याच्या पुढच्या. सत्यवतीचं विमान रविवारी होतं.

ती उठली, हात झटकले, ओढणी डोक्यावर नीट घेतली. "मेधाताय, माका गाऱ्हाणा घालूचा असा."

मेधाला कळेना. सत्यवतीने सांगितलं. आमच्याकडे प्रत्येक जागेला राखणदार असतो, जागेवाला. त्याला विचारल्याशिवाय कुणी तिथलं काही घेत नाही, आणि जाताना त्याचा निरोप घेतल्याशिवाय जात नाही. गाऱ्हाणं घालायचं म्हणजे त्याला सगळ्यांसमोर मोठ्याने सांगायचं, आणि जमलेल्यांनी 'होय म्हाराजा' म्हणायचं. गावात हे पुरुषांचं काम. "पण हय कोण पुरुष असा तेवढो? विलासराव थर्मास विसरतत."

मेधाने सगळ्यांना समजावलं. बहारीनी, केरळी, फिलिपिनो, सगळे गोल करून उभे राहिले. मेधा अदीबाबाईंच्या कानाशी उभी राहिली, ओळ न् ओळ सांगायला. सत्यवतीने हात जोडले.

"बा जागेवाल्या म्हाराजा! ह्या बहारीनच्या रानाच्या राखणदारा! तुझा नाव माका ठावक नाय. चौदा वर्सा तुझ्या जमनीर रवलंय, तुझा पाणी पिलंय, पण तुका कधी हाक मारूक नाय. ता पोटात घाल म्हाराजा!"

"होय म्हाराजा," विलासराव म्हणाले. बाकीचेही अडखळत म्हणाले.

"माझी लेक तुझ्या पुण्याईन शिकली. माझ्या घरार छप्पर तुझ्या पुण्याईन इला. ह्या लोकांनी माका, एका बसवालीक, आपल्या वांगडा चालवल्यानी. ह्येंका सगळ्यांका सुखी ठेव म्हाराजा!"

"होय म्हाराजा!" आता जमलं होतं. आवाज कुंपणाच्या पार गेला.

"ह्या अदीबाबायची सात पोरा मी न इचारता मोडलंय. तिना माका लाथाडूक नाय, पाणी घालूक शिकवल्यान. तिका..." आणि इथे सत्यवतीचा आवाज गेला. मग कुणीतरी 'होय म्हाराजा' म्हणालं आणि सगळ्यांनी म्हटलं, दोनदा.

तिने ओढणीने तोंड पुसलं. "सहा वर इली. सातवा खाली असा. मी आता जातंय. माझ्या माघारी ह्येका पाणी कोण घालतला, ता तूच बघ म्हाराजा!"

मेधाने ती ओळ अदीबाबाईंच्या कानात सांगितली. लोक तोंड उघडणार, एवढ्यात अदीबाबाई एक पाऊल पुढे आल्या.

"मैं," त्या म्हणाल्या. "मैं डालेगा."

आणि मग सगळे म्हणाले, "होय म्हाराजा."